आवाजाची नस

लिलाववालीला माणसांचे चेहरे वाचता यायचे, निदान तिचा तसा ठाम समज होता. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या पुकारताना कोण किती बोली लावणार, हे तिला त्या गिऱ्हाइकाच्या आधी कळायचं. ज्याला माल हवाच असतो, तो मालाकडे बघतच नाही. म्हणून सर्जन बोलत असताना नवरा खिडकीबाहेर बघत बसला, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सर्जनने आडपडदा ठेवला नाही. थायरॉइडचा कॅन्सर ग्रंथीबाहेर पडला होता, श्वासनलिकेला चिकटला होता आणि आवाजाच्या एका नसेला त्याने विळखा घातला होता. ग्रंथी काढायची, मानेतल्या गाठी काढायच्या, श्वासनलिकेवरचा थर खरवडायचा, हे ठरलेलंच होतं. प्रश्न नसेचा होता.

"सुटली तर सोडवूच," सर्जन म्हणाले. "नाही सुटली तर कापायला हवी. आवाज घोगरा होईल, बारीक होईल."

"मला विचारल्याशिवाय कापायची नाही."

"भूल दिल्यावर तुम्हाला कसं विचारणार? बाहेर येऊन यांना विचारीन."

यांना! घरात तरी लिलाव पुकारू नकोस, असं लग्नापासून ऐकवणाऱ्या या माणसाला! त्याच्या पथ्यावरच पडणार होतं सगळं.

वॉर्डात आल्या आल्या तिने त्याला धरलं. "अहो, माझ्या गळ्याची शपथ घ्या. नस कापू देणार नाही म्हणा."

"अगं, डॉक्टरांना आपल्यापेक्षा जास्त कळतं."

"घ्या आधी!"

"घेतली बाई."

असल्या पडेल आवाजातली बोली तिने धक्क्यावर धरली नसती. संध्याकाळी तो बाहेर सर्जनशी कुजबुजताना दिसला आणि तिला बघताच गप्प झाला. विचारलं तर म्हणे, "काही नाही, सहजच." इथे पाणी मुरत होतं. दोघांचं संगनमत झालंय, हा शपथ मोडणार, हे मनाशी धरूनच ती ऑपरेशनला गेली.

दुसऱ्या दिवशी नर्सने तिला बोलायला सांगितलं.

"पाणी द्या," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, थकलेला, पण जसाच्या तसा. तिला रडू फुटलं. नवऱ्यावर उगाच संशय घेतला म्हणून ती ओशाळली.

"नस सुटली ना हो?"

तो पेल्यात पाणी ओतत राहिला.

"अहो, विचारतेय मी!"

"नाही सुटली. डॉक्टरांनी बाहेर येऊन पुन्हा पुन्हा समजावलं. मी म्हटलं, तिने शपथ घातलीय."

"मग कॅन्सर?"

"नसेभोवतीचा राहिलाय. औषधाने जाळून बघू म्हणतात, पण खात्री देत नाहीत. त्या संध्याकाळी मी त्यांना हेच विचारत होतो, की शपथ मोडली तर ही मला माफ करील का." त्याने हातांनी तोंड झाकलं. "ते म्हणाले, तुमची बायको, तुम्हालाच माहीत."

इतके दिवस त्याच्यावर डोळे वटारत ती त्याच्या बेइमानीवरच विसंबून राहिली होती. कापू नका म्हणणं तिचं काम आणि कापा म्हणणं त्याचं, असं तिने मनातल्या मनात वाटून टाकलं होतं, आणि त्याला ते कधी सांगितलंच नव्हतं.

"मोडायची होती ना हो!" ती ओरडली, आणि त्या खणखणीत आवाजाने सगळा वॉर्ड वळून बघू लागला.