फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मोठ्या बाई

मी एक जुने लोखंडी फाटक आहे. भिलाईतल्या एका शाळेपुढे माझे सारे आयुष्य गेले. सुपेल्यातल्या एका वेल्डरने मला घडवले, तेव्हा मी निळेशार होते. मुले माझ्यावर लटकून झोके घ्यायची. आता रंग उडाला आहे आणि कोणी लटकतही नाही. पण मित्रांनो, या वयातही मला हसू फुटले, त्या सकाळची ही गोष्ट.

कमलिनीबाई मोठ्या बाई म्हणून नव्याने आल्या होत्या. त्यांनी हुकूम काढला, की प्रार्थना सुरू झाली की फाटक बंद, मग कोणीही येवो. चौकीदार जानराव शब्दाचा पक्का. उशिरा आलेली पोरे तो घरी पाठवू लागला. त्यांत चौथीतली आम्रपाली नेहमी असायची. आज घरी परत आलीस तर तुझी शाळाच बंद, असे त्या दिवशी बापाने तिला बजावले होते.

नेमकी त्याच सकाळी जुनवानीजवळ बाईंची स्कूटी पंक्चर झाली. त्या घामाघूम होऊन पोचल्या, तर आत प्रार्थना चाललेली आणि मला कुलूप.

"जानरावभाऊ, मी आहे."

"दिसून राह्यलं ना, मॅडम. पन कोनीबी म्हनजे कोनीबी, हे तुमीच सांगतलं."

बाईंचा चेहरा लाल झाला. घरी न जाता माझ्याशेजारच्या कट्ट्यावर बसलेल्या आम्रपालीने हाताने धूळ झटकून त्यांना जागा करून दिली.

"बसा, मॅडम. तुमाले कावून उशीर झाला? तुमच्या घरीबी लहान भाऊ हाये का?"

बाई खाली बसल्या आणि विचारू लागल्या. आई पहाटेच कामाला जाते, बाबा रात्रपाळीहून येईपर्यंत भावाजवळ हीच असते, हे तेव्हा कळले. बापाची ताकीदही कळली.

बाई उठल्या. "जानरावभाऊ, तुमचं काही चुकलं नाही. हुकूम माझा होता, तो मीच मोडते. आधी हिला आत घ्या."

"आन् तुमी?"

"मी हिच्या मागून येते."

जानराव हसला. मीही कुरकुरत हसले.

संध्याकाळी बाई आम्रपालीच्या घरी जाऊन बापाशी बोलल्या. बाबा येईपर्यंत धाकट्याला सांभाळायला शेजारच्या शकुबाई आनंदाने तयार झाल्या. प्रार्थना आता पहिल्या तासानंतर होते आणि तोवर मी उघडे असते. सकाळी बाई माझ्याजवळ उभ्या असतात आणि आम्रपाली आत जाताना विचारते, "मॅडम, आज गाडी बरी हाये ना?"

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. एखाद्या फाटकाची किल्ली तुमच्याही हाती येईल. कुलूप लावण्याआधी एकदा बाहेर येऊन बसा.