तेलाविना भाजलेलं

भांड्याच्या कडेने सुरी घालून द्रागिन्याने जोर लावला, तरी खालचा थर सुटेना. वरचं सगळं छान तांबूस भाजलं होतं. ओट, सफरचंदाच्या फोडी, सुकवलेले प्लम, अक्रोडाचे तुकडे. तळ मात्र पत्र्याला असा चिकटला होता की लोहाराला बोलवावं.

"भाजायच्या भांड्याला तेलाचं बोट लावतात, हे तुझ्या आईने सांगितलं नाही वाटतं?"

तियाना खिडकीपाशी पाठ करून उभी होती. टेबलावरच्या फोनकडे तिचं अर्धं लक्ष.

"राहू द्या ना, आई. मी खरवडते."

"राहू कसं देऊ? भांडं माझं आहे. आणि ओट म्हणे! आमच्याकडे ओट घोडा खायचा. तोसुद्धा मान फिरवून."

आठवडाभर हेच चाललं होतं. सून अंडं खाईना, दुधाला शिवेना, चीजची बशी पुढे केली की हळूच सरकवायची. बेलग्रेडची पोर, फोनवर काहीतरी बघून कंबर बारीक करत असेल, असं द्रागिन्याने शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता, पण गावातल्या बायका पहिला आणि शेवटचा आठवडा धरत. मधल्या आठवड्यांत सगळेच खात. द्रागिन्याच्या डाव्या हातातही पावाचा तुकडा होता, त्यावर खाऱ्या सायीचा बोटभर थर.

तिने एक घास घेतला आणि सुरी पुन्हा तळाशी घातली. तेलाची बाटली चुलीशेजारीच होती. भरलेली. झाकणावर धूळ बसलेली.

धूळ?

सुरी थांबली. तिच्या बहिणीची मुलगी अशीच दूध-अंडं सोडून बसली होती, पण ती तेल पळीपळीने ओतायची. तेल काही गाय देत नाही. बारीक व्हायचं तर तेल कमी करतील, भांडं चिकटेल इतकं कोरडं कोण ठेवील? तेलाचा थेंबही वर्ज्य, सगळं नुसत्या पाण्यावर, हा उपास वेगळा. तो हौसेने कुणी धरत नाही. या गावात बाई तो धरते तेव्हा घरातल्या कुणाच्या तरी जिवावर बेतलेलं असतं.

"तियाना. इकडे बघ."

तियाना वळली. डोळ्यांखाली काळं, गालांची हाडं वर आलेली. हे कालही असंच असणार.

"कुणासाठी नवस बोललीस?"

तियानाची नजर पुन्हा फोनकडे गेली.

"माझा वेल्को लाकडाच्या कामाला गेलाय ना बेलग्रेडला?"

"हॉस्पिटलात आहेत, आई." तिने टेबलाची कड धरली. "हृदयाची झडप. सकाळीच आत नेलंय. झालं की फोन करणार आहेत."

द्रागिन्याच्या तोंडात घास तसाच राहिला. खारी साय जिभेवर वितळत होती. गिळवेना की थुंकवेना. पोरगं तिकडे छाती उघडून पडलेलं, आणि आई इथे साय चाटत, सुनेला स्वयंपाक शिकवत.

तिने पाव खाली ठेवला. एप्रनच्या टोकाने ओठ पुसले, मग पुन्हा पुसले, कातडी लाल होईपर्यंत.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच शपथ घातली. म्हणाले, आईला कळलं तर ती डॉक्टरांना बाजूला सारून स्वतःच सुरी हातात घेईल."

एरवी ती हसली असती. तिने हातातल्या सुरीकडे पाहिलं आणि ती टेबलावर ठेवून दिली.

फोन अजून वाजला नव्हता. मग द्रागिन्याने खुर्ची ओढली, भांडं मांडीवर घेतलं आणि लोखंडी चमच्याने ती तळ खरवडायला लागली. करपलेला, कोरडा तुकडा सुटला. तो तिने तोंडात टाकला. चावला. गिळला. तियाना बघतच राहिली.

"बस इथे," द्रागिन्या म्हणाली आणि दुसरा चमचा तिच्यापुढे सरकवला. "चोरटी आहेस तू. माझ्या पोराची काळजी, त्यातली माझी वाटणीसुद्धा, एकटीने खाल्लीस."