एकतीस संशयी माणसं

आमच्या ऑफिसात एकतीस कॉम्प्युटर आहेत आणि त्यांची तब्येत सांभाळायला मी एकटा. ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. शहरभरातल्या लिफ्ट तपासायच्या, बिघडल्या की दुरुस्त करायच्या, आणि कुणी मध्येच अडकलं तर त्याला बाहेर काढायचं, हे आमचं काम. लिफ्ट बंद पडली की लोकांना ऑफिसची आठवण येते, कॉम्प्युटर बंद पडला की ऑफिसला माझी. एरवी आम्हाला कुणी हिंग लावून विचारत नाही.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी साहेब जेव्हा म्हणाले, "लोकांना जरा सावध करा, हल्ली फसव्या मेलमधून काय काय आत शिरतं म्हणे," तेव्हा माझ्या अंगात आलं. मी एका तासाचं भाषण तयार केलं. ते दीड तास चाललं. सार एवढंच की कुणावरही विश्वास ठेवू नका. मेलवर नको, फोनवर नको, स्क्रीनवर आपोआप उगवलेल्या चौकटीवर तर मुळीच नको. "उद्या मी स्वतः येऊन पासवर्ड मागितला तरी देऊ नका," हे वाक्य मी टाळीसाठी राखून ठेवलं होतं. टाळी पडली, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

मी परीक्षा घ्यायला लागलो. आधी चेहरा गंभीर करून टेबलाटेबलावर गेलो आणि पासवर्ड मागितला. तिघांनी दिला. त्यातले एक साहेब. त्यांनी तर कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं लहान हेही समजावून सांगितलं. मग मी एक फसवा मेल तयार केला. "तातडीचं अपडेट आलं आहे. काम सेव्ह करून खालचं बटण दाबा," आणि खाली माझंच नाव. अकरा जणांनी दाबलं. अकरा आणि तीन, अशी चौदा नावं मी पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर लावली, कोण किती लवकर फसलं त्या क्रमाने. सगळ्यात वर वहिनींचं नाव होतं. चाळीस सेकंद.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ऑफिसात एकोणीस वर्षं तक्रारींचं टेबल सांभाळतात. मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. "मुलगा थोडा आगाऊ आहे, पण कामाला चोख आहे, हमी माझी," असं त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी सातवीत होतो. तेव्हापासून मी त्यांचा 'धाकट्या'. मी ऑफिसात लागलो, तिथेही त्यांना वहिनीच म्हणू लागलो, आणि तीन महिन्यांत सगळं ऑफिस म्हणू लागलं. त्यांच्याहून वयाने मोठे साहेबसुद्धा.

यादी लागली त्या संध्याकाळपासून वहिनींनी मला अहो-जाहो सुरू केलं. "साहेब, आपला टॉवेल वाळत घातलाय." "साहेब, आपण जेवून घ्यावं." दादाने दोन दिवस मजा घेतली. तिसऱ्या दिवशी मला गच्चीत गाठून म्हणाला, "तू काय दिवे लावलेस मला माहीत नाही. निस्तर." मी म्हटलं, मी माझं कर्तव्य केलं. दादा पुढचं न ऐकता खाली गेला.

असे तीन आठवडे गेले. मग तो मंगळवार आला.

सकाळी जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावरच्या भाषांतराच्या ऑफिसातली माणसं बाहेर व्हरांड्यात उभी. हातात कप, तोंडं उतरलेली. आत प्रत्येक स्क्रीनवर एकच मजकूर होता, की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक भोक होतं आणि तिथून व्हायरस आत घुसला होता. भोक बुजवणारं अपडेट चार दिवसांपूर्वीच आलेलं. "उद्या करू, उद्या करू म्हणत होतो," तिथली एक भाषांतरकार म्हणाली. मी मान हलवली, चुकचुकलो, आणि मग आठवलं. तोच प्रोग्रॅम आमच्याकडे होता. आणि ते अपडेट मी येत्या शनिवारी निवांत करायचं ठरवलं होतं.

आमच्या फायलींना कुलूप लागणं म्हणजे नुसते अहवाल जाणं नव्हे. कुठल्या इमारतीत कुठली लिफ्ट, तिची चावी कुणाकडे, जवळचा मेकॅनिक कोण, हे सगळं त्या मशीनमध्ये. ते गेलं तर अडकलेला माणूस अडकूनच राहणार. मी वर पळालो आणि एकतीस जणांना मेल टाकला. तातडीचं अपडेट आलं आहे. काम सेव्ह करून खालचं बटण दाबा. खाली माझं नाव.

तासाभराने पाहिलं. एकानेही दाबलं नव्हतं. उलट मलाच सव्वीस मेल आले होते. "संशयास्पद मेल मिळाला आहे. दाबलेला नाही. कळावे." अशी शिस्त मी जन्मात पाहिली नव्हती.

जबरदस्तीने करता आलं असतं. पण मग मशीन आपोआप बंद होऊन सुरू होतं, आणि उघडं असलेलं सगळं काम पुसलं जातं. सकाळपासून भरलेले तपासणीचे अहवाल आणि तक्रारींची चालू यादी, दोन्ही गेलं असतं. म्हणजे प्रत्येकाने आपलं काम सेव्ह करून स्वतःच्या हाताने दाबणं हाच मार्ग होता. मी टेबलाटेबलावर निघालो.

पहिले भेटले ते आमचे ज्येष्ठ तपासनीस. एकदा लिफ्ट बंद असताना ते सोळा मजले चढून गेले होते आणि बोलण्यातून ते अजून खाली उतरलेले नाहीत, म्हणून ऑफिसात त्यांना सोळावा मजला म्हणतात.

"काका, अपडेट खरं आहे. दाबा ना."

"वा," ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "या वेळी अभिनय सुधारलाय. घाम कसा आणलास?"

"अहो, खरा घाम आहे. खालच्या ऑफिसात जाऊन बघा."

"त्यांनाही सामील करून घेतलंस? कमाल आहे."

साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला पाहताच कीबोर्डवर हात आडवा ठेवला. "एकदा फसलो," ते म्हणाले. "फळ्यावर नाव आलं. आमच्या हिला कुणीतरी फोटो पाठवला त्याचा. आता तुम्ही रडलात तरी मी दाबणार नाही." मी खरंच रडायच्या बेतात होतो, पण त्याचाही उपयोग नव्हता. माझ्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही हे मीच दीड तास घसा फोडून शिकवलं होतं.

"वहिनींनी दाबलं तर मी दाबेन," शेवटी साहेब म्हणाले. मागून सोळावा मजला म्हणाले, "मीही." मग जो तो तेच म्हणायला लागला. मी नाक मुठीत धरून तक्रारींच्या टेबलाकडे गेलो.

वहिनी फोनवर होत्या. "हो, मी आहे इथेच. नाही, फोन ठेवत नाही. आमचा माणूस निघालाय, दहा मिनिटांत पोचेल. पंख्याचा आवाज येतोय ना? मग हवा आहे. बसा खाली आरामात." एका हाताने त्यांनी मला थांबायची खूण केली. लिफ्टमधल्या माणसाशी त्या त्याच्या कुत्र्याविषयी बोलत राहिल्या. कुत्र्याला आंघोळ आवडत नाही हे मलाही कळलं. मग पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला असावा. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बोला साहेब. आपण कुठे अडकलात?"

"वहिनी, अपडेट खरं आहे."

"मागच्या वेळीही असंच लिहिलं होतंत. शब्दन् शब्द हाच."

"तेव्हा परीक्षा होती. आज खालचं ऑफिस..."

"भाषणात काय सांगितलं होतंत? समोरचा फार घाई करायला लागला की आधी संशय घ्या. आपण केवढ्या घाईत आहात बघा."

माझ्या मागे कीबोर्डचे आवाज थांबले होते. सगळं ऑफिस कान देऊन बसलं होतं.

"वहिनी, यादीचा राग आला ना? ती आत्ता काढून टाकतो."

"यादीचं काय एवढं. साहेबही आहेत तीत, संगत चांगली आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला एक सांगा. मला रोज इतके फसवे मेल येतात. पार्सल अडकलंय, बक्षीस लागलंय, खातं बंद होतंय. एकोणीस वर्षांत मी एक तरी दाबलाय?"

नव्हता दाबला. त्यांचं मशीन ऑफिसातलं सगळ्यात स्वच्छ मशीन आहे, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मग तो एक का दाबला असेल?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"खाली तुझं नाव होतं म्हणून. मी वाचलासुद्धा नाही. धाकट्याने पाठवलंय, त्याचं काम माझ्यामुळे अडायला नको, एवढंच मनात आलं. आणि तू त्यालाच मूर्खपणा म्हणून भिंतीवर लावलंस."

माझ्याकडे उत्तरं होती. फसवणारे ओळखीच्याच नावाने येतात, म्हणून तर तशी परीक्षा घ्यायची असते, वगैरे. सगळी बरोबर होती, तरीही मला लाज वाटली. तीन आठवडे मी समजत होतो की वहिनी फसल्या म्हणून चिडल्यात.

"चुकलो, वहिनी."

"कुणाला ऐकू आलं नाही."

"चुकलो."

"मागे नीट पोचलं नाही," सोळावा मजला म्हणाले. मी त्यांच्याकडे वळून तिसऱ्यांदा म्हटलं. साहेब दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं इतकं समाधान होतं.

वहिनींनी चष्मा चढवला. चालू असलेल्या तीन तक्रारी त्यांनी एका कागदावर उतरवून घेतल्या, पत्ते, मजले, फोन नंबर सगळं. ते करायला मी सांगितलं नव्हतं, सुचलंही नव्हतं. मग काम सेव्ह केलं आणि अपडेटची चौकट उघडली. तिच्यात बारीक अक्षरांत भलामोठा मजकूर होता.

माझ्याने राहवलं नाही. "आधी वाचून घ्या."

"तू सांगतोयस ना, खरं आहे म्हणून?"

"हो."

"मग वाचायचं काय त्यात," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

पाठोपाठ सगळीकडे खुर्च्या पुढे सरकल्याचे आवाज आले. कुणी सेव्ह कुठे करायचं ते विचारत होतं, साहेब आतून हाका मारत होते. मी जागचा हललो नाही. वहिनींचा स्क्रीन काळा झाला होता, त्यावर एक गोल फिरत होता आणि खाली आकडा सरकत होता, दहा, बारा, पंधरा. अशी शेकडो अपडेट मी आजवर केली होती आणि एकदाही त्या आकड्याकडे बघत उभा राहिलो नव्हतो. ते नीट पूर्ण होईपर्यंत मी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर घट्ट ठेवून उभा होतो.