एका पट्टीवर तीन आवाज

कुडव्याच्या केवळरामच्या धुमाल पार्टीतला, म्हणजे मिरवणुकीत गाडीवरून वाजवणाऱ्या ताफ्यातला, बेंजोवाला रामलाल ऐन एप्रिलमध्ये तिरोड्याच्या पार्टीला जाऊन मिळाला. ढोल-ताशे होते, मेटॅडोरवर भोंगे चढले होते. पण गाण्याची चाल उचलणारं वाद्यच उरलं नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक तर दारात उभी.

तेव्हा केवळरामची मुलगी रचना म्हणाली, माझं मशीन चढवा.

मशीन म्हणजे पत्र्याच्या पेटीतला तिचा दोन वर्षांचा खटाटोप. डिप्लोमा करून ती कुडव्यातच टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायची. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तिच्याकडे जुना घरगुती कॉम्प्युटर आणला होता, पूर्वी कधीतरी परदेशातून आलेला, टीव्हीला जोडायचा. तो दुरुस्तीपलीकडे गेला होता, म्हणून साहेबांनी तिथेच सोडला. त्यातली आवाजाची चिप मात्र जिवंत निघाली. एका वेळी तीनच सूर काढायची, पण त्या सुरांना अशी खरखरीत धार होती की रचना त्या दिवशी जेवायला उठली नाही. तिने चिपभोवती सर्किट रचलं, मोडक्या कीबोर्डच्या पट्ट्या जोडल्या आणि वर एक खटका बसवला. खटका वर असला की तीन पट्ट्यांना तीन आवाज. खाली केला की तिन्ही आवाज एकाच पट्टीवर, एकमेकांना किंचित घासत.

केवळरामने नाक मुरडलं, पण इतक्या लवकर दुसरा बेंजोवाला मिळणार नव्हता. त्याने अट घातली. चौकात नाचणाऱ्यांचे पाय थांबले, की मशीन गाडीवरून खाली उतरेल आणि पुढे बालाघाटहून नवा बेंजोवाला कायमचा येईल. मग पुन्हा त्या डब्याचं नाव काढायचं नाही. रचनाने मान हलवली.

वाजवणार होता तिचा मोठा भाऊ राजदीप. भजन मंडळात पेटी वाजवून त्याचा हात तयार झालेला. उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताची दोन बोटं सा-पंचमावर, हलायची नाहीत. घरच्या ओसरीवर संथ गाणी वाजवली, तेव्हा सगळं ठीक चाललं.

मिरवणुकीत, चौकात केवळरामची आणि तिरोड्याच्या पार्टीची गाडी समोरासमोर आली. आधी रामलालचा बेंजो झाला. पोरं बेभान नाचली. मग केवळरामचा ताशा कडाडला, लय चढली आणि राजदीपची बोटं धावू लागली. तसं मशीन तोतरं झालं. एक सूर लागायचा, पुढचा गायब व्हायचा. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. काही जण उभेच राहिले.

समोरच्या गाडीवरून रामलालने माइक उचलला. "केवळरामभाऊ, डब्यात मच्छर कोंडला का गा?"

चौक हसला. मशीन ज्या दोरीने बांधलं होतं, तिची गाठ केवळराम सोडू लागला.

रचना गाडीवर मशीनमागे बसून आधी वायरी चाचपत होती. मग तिची नजर भावाच्या हातांवर गेली. डाव्या हाताची दोन बोटं दोन पट्ट्या दाबून बसली होती. तीन आवाजांतले दोन तिथेच अडकलेले; उरलेल्या एकाने धावती चाल पेलायची कशी? तिने खटका खाली केला.

"डावा हात उचल."

"मंग सूर कायले धरू?"

"सूर धरू नोको. गाडीचा दांडा धर."

राजदीपने हात उचलला, पण सवयीने तो पुन्हा पट्टीवर गेला आणि मशीनने म्हशीसारखा हंबरडा फोडला.

"भाऊ, धरतोस का बांधू तुले ओढणीनं?"

राजदीपने लोखंडी दांडा घट्ट पकडला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने चालीचा पहिला सूर दाबला.

तिन्ही आवाज एकदम सुटले. सनईची धार, भोंग्याचा दम आणि खाली काहीतरी गुरगुरणारं, जे त्या चौकाने कधी ऐकलं नव्हतं. भोंग्यांचे पत्रे थरथरले. ताशेवाल्याने हसून मान वर केली आणि लय आणखी चढवली. आता चालीतला एकही सूर गळत नव्हता. उभी राहिलेली पोरं आत घुसली. मागच्या बायका चपला हातात घेऊन पुढे आल्या. रामलालच्या गाडीपुढची गर्दी पाठ फिरवून इकडे वळली, आणि खुद्द रामलाल बेंजोवर कोपर टेकून ऐकत राहिला.

केवळरामच्या हातात दोरी अर्धी सुटलेली होती. त्याने ती पुन्हा ओढून डबल गाठ मारली.

गाणं संपलं तशी पोरं गाडीला लटकून आणखी मागू लागली. आयोजकांचा एक कार्यकर्ता घामाघूम होऊन आला. मागे सगळी मिरवणूक अडकून पडली होती. गाडी पुढे घ्या म्हणून तो केवळरामला विनवू लागला.

"मले काऊन विचारतोस बापू?" केवळराम म्हणाला. "रचनाले विचार. थे सांगन तवा गाडी हालन."

कार्यकर्ता रचनाकडे वळला. तिने चौकभर पाहिलं. ताशा थांबला होता, तरी कुणाचे पाय थांबले नव्हते.

"अजून एक होऊ द्या," ती म्हणाली.