लाइनीतली घरघर

लखीचंदचं जळगावातलं कापडाचं दुकान बरं चालायचं, पण त्याचा जीव असायचा माडीवरच्या यंत्रांमध्ये. मुंबईहून आणलेला अ‍ॅम्प्लिफायर, स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि सुतारासमोर बसून करवून घेतलेल्या सागवानी स्पीकरपेट्या. गाणं कुठलंही त्याला चालायचं. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र त्याला एकाच टेपचा ध्यास लागला.

त्या टेपवर त्याच्या वडिलांनी, मोहनलालजींनी गायलेलं स्तवन होतं. बापूजी जाऊन काही वर्षं झाली होती, आणि आता आईला, तारादेवीला, कमी ऐकू येऊ लागलं होतं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याच संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर, लखीचंदने आईला माडीवर नेऊन टेप लावली. तारादेवी पेटीला कान लावून बराच वेळ बसली.

"घूं घूं ऐकू येतंय," ती म्हणाली. "हे कुठे आहेत यात?"

ती घरघर विजेच्या लाइनीतून येत होती, हे लखीचंदला ठाऊक होतं. त्याचा कान तिला सरावला होता; घरघर बाजूला सारून तो आवाजापर्यंत पोचायचा. आईचा कान आता तेवढं करू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्याला चैन पडेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तो गजावर कापड मोजता मोजता थांबायचा आणि माडीकडे बघायचा. घरातली जुनी वायर त्याने उपटून नवी घातली. व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र आणलं, पण त्याने घरघर उलट वाढली म्हणून ते काढून ठेवलं. मग मागच्या अंगणात खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी पुरली आणि वर कोळसा आणि मीठ ओतायला सुरुवात केली.

बायको, चंदनबाई, दारात उभी राहून बघत होती. "अहो, लोणच्याचं मीठ आहे ते."

"अर्थिंग नीट झालं पाहिजे. मीठ दुसरं आणू."

"जेवून तरी घ्या. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायला नाहीत."

तो हात न धुताच माडीवर धावला. घरघर थोडी उतरली होती, पण गेली नव्हती. शिवाय मध्येच कडकड असा आवाज यायचा आणि बल्ब क्षणभर मिणमिणायचा. म्हणजे मागच्या गल्लीत वनाभाऊंच्या डाळ मिलची मोटार सुरू झाली.

वनाभाऊ पिंपळनेरकडून येऊन इथे स्थिरावलेले. लखीचंद त्यांच्याकडे गेला आणि संध्याकाळी थोडा वेळ मोटार बंद ठेवाल का, असं विचारलं. वनाभाऊंनी अंगावरची डाळीची भुकटी झटकली.

"भाऊ, गाना ऐकाकरता मी मिल बंद करू?"

"माझ्या वडिलांचा आवाज आहे. आईला ऐकवायचा आहे. तिचे कान चाललेत, वनाभाऊ."

"मंग तसं सांगानं ना," वनाभाऊ म्हणाले. "बाया चहा पिवाले बसतीस, तव्हय बंद करसू."

ठरल्याप्रमाणे मोटार थांबली. कडकड गेली, घरघर मात्र तशीच राहिली. ती एकट्या मिलची नव्हती, सगळ्या लाइनीतच मुरलेली होती. तारादेवीने कान लावला, नकारार्थी मान हलवली आणि जिना उतरून गेली. तिला तसं उतरताना पाहून लखीचंद जास्तच कासावीस झाला. वाट पाहायला वेळ कुठे होता? आज चंदनबाईने दोनदा हाक मारल्यावर तिला ऐकू आलं होतं.

एकदा धुळ्याला गेलेला असताना त्याने बंद पडलेल्या एका थिएटरचं सामान विकायला काढलेलं पाहिलं होतं. तो पहिल्या एस्टीने निघाला. तिथे त्याला हवा तसा ट्रान्सफॉर्मर मिळाला. लाइनीची तार आणि यंत्राची तार यांचा थेट संबंध तोडून वीज पुढे देणारा, लोखंडाचा नुसता धोंडा. सोबत व्होल्टेज कमी-जास्त करायचा, वर गोल मूठ असलेला एक डबाही होता. तोही त्याने घेतला. धुळ्यात त्याची बहीण हीराबाई दिली होती. तिच्याकडे तो गेला, पण टेकला नाही. "पाणी तरी घे रे," ती म्हणाली, तेव्हा तो पायऱ्या उतरत होता. परतीच्या एस्टीत कंडक्टरने धोंडा टपावर चढवू दिला नाही, म्हणून तो पायांशी घेऊन लखीचंद जळगावपर्यंत आला.

जोडणी झाली. त्याने बटण दाबलं आणि पेट्यांतून काहीच आलं नाही. घरघर नाही, खरखर नाही. यंत्र बंद आहे की काय, असं वाटून त्याने दिवा तपासला. मग स्पूल फिरू लागलं आणि बापूजी गाऊ लागले, शब्द न् शब्द सुटा.

त्याने आईला धरून वर आणलं. तारादेवीने ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे ते नाहीत," ती म्हणाली.

"माँ, बापूजीच आहेत."

"त्यांचा आवाज जाड होता. हा कुणी पातळ आवाजाचा, घाईत गाणारा आहे. मी चाळीस वर्षं ऐकलंय त्यांना."

लखीचंदला ते पटेना. त्याने चिडून टेप मागे घेतली, पुन्हा लावली, पुन्हा मागे घेतली. आणि मग त्यालाही ऐकू आलं. आवाज खरोखरच चढा होता, जणू बापूजींना कुणी मागून ढकलत होतं. एवढे दिवस घरघरीशी झुंजताना हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी धावपळ करून आपण आईपुढे एक परका माणूस आणून बसवला, असं वाटून तो खाली बसला. टेप चालूच होती. दोन कडव्यांच्या मधे बापूजी कुणाला तरी म्हणाले, "बत्ती बघ, पुन्हा लाल झाली."

हे वाक्य आजवर घरघरीखाली गाडलेलं होतं. लखीचंद ताडकन उठला.

टेप भरली त्या संध्याकाळी वीज मंद होती. बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला होता आणि रेकॉर्डरची मोटारही तशीच रेंगाळत फिरली असणार. सावकाश भरलेला आवाज आज पूर्ण विजेवर वेगाने बाहेर पडत होता, म्हणून पातळ झाला होता. त्याने मूठवाला डबा फक्त रेकॉर्डरच्या वायरीत जोडला आणि मूठ हळूहळू मागे फिरवू लागला. स्पूल मंदावलं. बापूजींचा आवाज उतरत उतरत छातीत आला.

"आं," तारादेवी म्हणाली. "आता आले."

त्याने मूठ सोडली आणि आईशेजारी बसायला निघाला. तेवढ्यात मागे वनाभाऊंची मोटार सुरू झाली. कडकड आली नाही, पण व्होल्टेज खाली गेलं आणि बापूजींचा आवाज घोगरा होऊन रेंगाळू लागला. तारादेवीची आठी परत उमटली. लखीचंदने धावत जाऊन मूठ किंचित पुढे केली. जरा वेळाने व्होल्टेज चढलं, ती मागे घ्यावी लागली. लाइन साफ झाली होती, स्थिर नव्हती.

मग तो तिथेच उभा राहिला. गाणं ऐकायचं सोडून त्याने आईच्या चेहऱ्याकडे डोळे लावले. आठी पडली की मूठ फिरवायची, कपाळ सैल झालं की थांबायचं. तारादेवी पेटीच्या जाळीवर हात ठेवून बसली होती. मध्येच ती म्हणाली, "खोकला होता त्यांना तेव्हा. काढा केला होता मी, घेतला नाही." मग तिने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली.

चंदनबाई वर आली. "तुम्हीही बसा ना आता," ती हळूच म्हणाली.

"थांब," तो मुठीवरून हात न काढता म्हणाला. "पुढचं कडवं येतंय."