झुंबरबाईची पुढारकी

झुंबरबाई आणि चतुराबाई एकाच दिवशी जिनिंगात कामाला लागल्या होत्या आणि एकमेकींशेजारी बसून मशीनीत कापूस भरायच्या. पण अलीकडं चतुराबाईचं नाव कानावर आलं की झुंबरबाईच्या पोटात दुखायचं.

तसं कारणही होतं. निजामाच्या राज्यातलं शेचाळीस साल. नवीन जालन्यात स्टेशनाजवळ हुकमचंद शेटजींची जिनिंग होती. कामावर येताना बाया तान्ही पोरं फाटकाबाहेर लिंबाखाली ठेवून येत. पोर रडून निळं पडलं तरी दुपारचा भोंगा होईपर्यंत जागचं हलायचं नाही, असा तिथला कायदा. एकदा भाकर खाता खाता झुंबरबाई सहज बोलून गेली, "बायांनो, तेल घालायला मशीन थांबवतेत. मंग लेकराला पाजायला आपण घडीभर थांबलो तर काय बिघडतं?"

आठच दिवसांनी मजुरांची सभा भरली. चतुराबाई पदर खोचून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात हेच बोलली. शब्द न् शब्द तोच. बापे माणसंसुद्धा उठून टाळ्या वाजवू लागली. झुंबरबाईचं नाव मात्र तिनं घेतलं नाही.

घरी जेवताना नवरा कचरू म्हणाला, "काय बोलली चतुराबाई! बाई असावी तर अशी."

झुंबरबाईनं त्याच्या ताटात भाकर अशी आदळली की कालवण त्याच्या सदऱ्यावर उडालं.

त्यानंतर पौषात मुकादमानं त्यांच्यातल्या सोनूबाईला कापसाच्या गाठीआड चोरून लेकराला पाजताना धरलं आणि हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पण एकही बाई आत गेली नाही. सगळ्या फाटकातच बसल्या. चतुराबाई अर्थातच सगळ्यांच्या पुढं, मांडीवर आपलं सहा महिन्यांचं लेकरू घेऊन. दुपारी चार शिपाई घेऊन पोलीस ठाण्याचा अमीन आला.

"लीडर कौन है तुम्हारी?"

चतुराबाईनं उठायला जमिनीवर हात टेकला. ते झुंबरबाईनं पाहिलं. आता ही जेलात जाणार. सुटून आली की हार, मिरवणूक. आणि आपला कचरू मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं. तिला ते सोसवलं नाही. ती ताडकन उठली.

"मी हाय! पाजायची गोष्ट पहिल्यांदा मीच काढल्ती. इचारा कोणालाबी!"

"खाली बस गं," चतुराबाई तिचं लुगडं ओढत कुजबुजली. "नेतील तुला."

"नेऊ दे. सगळं तुलाच पाह्यजे का?"

अमीनाला असा न मारता कबुलीजबाब बहुधा कधी मिळाला नसावा. तो तिला घेऊन गेला.

पहिला दिवस झुंबरबाईनं तोऱ्यात काढला. दुसऱ्या दिवशी कोठडीतल्या पिसवांनी तिला फोडून काढलं. चौथ्या दिवशी ती भिंतीकडं तोंड करून रडली. चतुराबाई रोज भाकर घेऊन यायची. झुंबरबाई ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खायची. भाकरीवरचा ठेचा आपल्यापेक्षा बरा जमलेला असायचा, तेही तिला खुपायचं.

तिकडं कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली आणि मशीनी गप्प. शेवटी बाराव्या दिवशी शेटजी नमले. सोनूबाईला परत घेतलं, पाजायला दोन वेळा सुट्टी दिली. झुंबरबाई सुटली. बायांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तिला वाटलं, चला, आजचा दिवस तरी आपला.

सभेत चतुराबाई उभी राहिली. "माझ्या मांडीवर लेकरू होतं," ती म्हणाली. "त्याची अन् आईची ताटातूट होऊ नये म्हणून ही माऊली माझ्या जागी उठली." माणसं डोळे पुसू लागली. कचरूनंही उपरण्यानं नाक पुसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "काय बोलली चतुराबाई!"

झुंबरबाई हारासकट उठली. "खोटं हाय. मी हिच्या लेकरासाठी न्हाई गेले. हिचा हेवा वाटला म्हणून गेले."

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, किती मोठं मन!" लोक म्हणाले. कोणालाही ते खरं वाटलं नाही. टाळी वाजवली नाही ती एकट्या चतुराबाईनं.

घरी जाताना तिनं विचारलं, "खरं बोललीस ना?"

"बिलकुल खरं."

"पाजायचं ते बोलणं तुझं हाय, मला ठाऊक होतं," चतुराबाई खाली बघत म्हणाली. "त्या दिवशी तुझं नाव घ्यायचं ठरवूनच आल्ते. पण टाळ्या पडल्या, अन् मंग तोंडातून निघालंच न्हाई."

झुंबरबाईचा राग गेला नव्हता, पण चतुराबाईलाही स्वतःचा राग आलाय हे दिसल्यावर तो एकटीनंच धरायचा आहे असं वाटेना.

पुढच्या हंगामात कापसाच्या धुरळ्याची तक्रार घेऊन शेटजींकडं दोघीच गेल्या. आधी झुंबरबाई बोलायला लागली. चौथ्या शब्दाला ती अडखळली. तिनं शेजारी बघितलं. चतुराबाईला सगळं पाठ होतं. पण ती ओठ घट्ट मिटून, खाली मान घालून उभी राहिली. झुंबरबाईनं पदर खोचला आणि पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.