नकार येतोय तोवर

घुम्याला घुम्या हे नाव ताईनंच ठेवलं होतं. पोरगा लहानपणी मार खाऊनही तोंड उघडत नसे, आणि मोठा झाल्यावर तर मिठाची गुळणीच धरून बसला. अशाला नोकरी तरी कोण देणार? शेवटी ताईनंच आपल्या साहेबांच्या मागे लागून त्याला डोंगरातल्या नदीवर चिकटवला. पाण्याची पातळी मोजणारं यंत्र सांभाळायचं, दिवसभर बोलायला कुणी नाही. स्वारी खूश होती.

आज पहाटे त्याच डोंगराची दरड कोसळली. घुम्याचा फोन लागेना. आपणच त्याला तिथं धाडला, एवढंच ताईच्या डोक्यात फिरत होतं.

माती उपसायला साहेबांकडे एकच तुकडी होती. घुम्याची राहायची खोली खाली, यंत्राची खोली वर, आणि मधला रस्ता गडप झालेला. पहाटेची वेळ, म्हणजे पोरगा झोपलेला असणार, तुकडी खालीच जाईल, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं.

ताई कार्यालयात बसून वरच्या यंत्राकडे जोडणी मागत होती. दर वेळी पडद्यावर एकच उत्तर यायचं: जोडणी नाकारली. साहेब वाकून म्हणाले, यंत्र बिघडलंय, नाद सोडा.

ताई उसळलीच. तिचा जन्म या कामात गेला होता. यंत्र मेलं असतं तर नकारसुद्धा आला नसता. आपण हाका मारतोय आणि पलीकडे शुकशुकाट, असं झालं असतं. नकार आला म्हणजे वीज आहे, छपरावरचा अँटेना उभा आहे, फक्त उत्तर देणारा प्रोग्राम बंद आहे. आणि तो बंद करायची खोड कुणाची, हे तिला विचारा! यंत्राच्या नळीतला गाळ काढताना खोटे आकडे जाऊ नयेत म्हणून घुम्या आधी प्रोग्राम बंद करायचा. तो आपोआप सुरू व्हायची सोय तिनं करून दिली होती, तीही या शहाण्यानं काढून टाकली. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. निदान कळवत तरी जा, म्हणून ती ओरडली होती, आणि हा नेहमीसारखा ढिम्म.

साहेबांचंही चूक नव्हतं. रात्री प्रोग्राम बंद करून तो खाली झोपायला गेला असेल तर, असं त्यांनी विचारलं.

ताई जोडणी मागत राहिली. नकार. पुन्हा नकार. आणि एकदम जोडणी लागली! आकडे दिसतात न दिसतात तोच परत नकार. थोड्या वेळानं पुन्हा लागली, पुन्हा तुटली. यंत्राच्या त्या डब्याला ना पडदा ना कळफलक, प्रोग्राम चालूबंद करायला नुसतं एक बटण होतं.

"साहेब, तो वर आहे," ती म्हणाली. "ते बटण माणसाच्या बोटाशिवाय दाबलं जात नाही. तुकडी वर पाठवा."

"आणि चुकलं तर?"

"तर भाऊ माझा जाईल."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि वायरलेस उचलला.

मग नुसती वाट बघणं. नकार आला की ताईचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा. नाही म्हण रे बाबा, नाही म्हणत राहा, असं ती पुटपुटत होती. भावाकडे असलं मागणं दुसऱ्या कुठल्या बहिणीनं मागितलं नसेल.

दुपार कलली आणि नकार यायचा थांबला. ताईनं परत परत मागून पाहिलं. काही नाही, शुकशुकाट. साहेब स्वतः तिच्यासाठी पाणी घेऊन आले, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली.

वायरलेस खरखरला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले. तुकडीचा मुकादम बोलत होता. पोरगा सापडलाय, पाय मोडलाय, पण शुद्धीत आहे. उचलायला गेलो तर ऐकेना, यंत्राची वीज बंद केल्याशिवाय खोलीबाहेर यायलाच तयार नव्हता.

निघताना सगळं बंद करून निघायचं, हे ताईनंच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तिनं साहेबांच्या हातातून वायरलेस ओढून घेतला. रडत होती आणि भडकलीही होती.

"अरे गाढवा, बंद करण्याआधी कळवायचं असतं, किती वेळा सांगितलं तुला?"

पलीकडे मुकादमानं वायरलेस घुम्यापुढे धरला. मग घुम्याचा आवाज आला.

"सकाळपासून कळवतोच होतो की, ताई."